आधी कातडी सांभाळ, भाऊ

मणक्याला मार लागून पाय लुळे पडलेत, ते कधी हलतील, या प्रश्नावर रात्री जागवू नकोस. आधी कातडी जप, एकाच जागी भार राहिला की तिथे जखम होते. अंथरुणात दर 2 तासांनी कूस बदल, खुर्चीत दर 15-20 मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचल. रोज आरशात माकडहाडापाशी बघ. लाल डाग दिसला की तिथे भार नको. मी दुर्लक्ष केलं, रुपयाएवढी जखम भरायला 4 महिने गेले.

लघवीची नळी वेळेवर घाल, तीही हात धुऊनच.

आणि ‘मला पायांनीच चालायचंय’ म्हणून चाकाची खुर्ची नाकारू नकोस, ही चूक बरेच जण करतात. खुर्ची म्हणजे शेवट नव्हे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेल्या जवान मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या ऑलिम्पिकमध्ये, पोहण्याचं सुवर्णपदक आणलं.

पलंगावरून खुर्चीत एकट्याने सरकलास की लगेच कळव. वाट बघतोय.