वाचकांचे प्रश्न : महत्त्वाकांक्षा कोणाच्या पैशावर?

प्रश्न : माझा मुलगा वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शेअर दलाल हर्षद मेहतावरची ‘स्कॅम १९९२’ ही मालिका त्याने सुटीत दोनदा पाहिली. आता तो म्हणतो की, मेहताने चोरी केली नाही, व्यवस्थेतल्या फटी तेवढ्या शोधल्या; सगळेच ते करत होते, पण हा बाहेरचा म्हणून याच्यावर शेकले. मुलाला महत्त्वाकांक्षा असावी असे मलाही वाटते. त्याला काय उत्तर द्यावे? मालिकेनेच गुन्हेगाराला नायक केले, असे समजायचे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे झटकून टाकू नका, कारण त्यातले अर्धे खरे आहे. सरकारी रोख्यांचा, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाच्या कागदांचा, बाजार एकट्या मेहताने बिघडवला नव्हता. परदेशी बँका, राष्ट्रीयीकृत बँका आणि इतर दलाल असे अनेक हात त्यात बरबटलेले होते, आणि रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने सुमारे ४,००० कोटी रुपयांचा जो घोळ उघड केला, तोही एका माणसाचा नव्हता. खोट आहे ती ‘फटी शोधल्या’ या शब्दांत. त्यासाठी एक कागद नीट पाहावा लागेल.

त्या काळात बँकेला चार दिवसांसाठी रोकड लागली की ती आपले सरकारी रोखे दुसऱ्या बँकेला विकायची आणि ठरल्या दिवशी परत घ्यायची. याला रेडी फॉरवर्ड म्हणत. प्रत्यक्ष रोखे हलवण्याऐवजी विकणारी बँक एक पावती द्यायची : पैसे मिळाले, रोखे तुमच्या वतीने आमच्याकडे आहेत. हीच बँक रिसीट, आम्हा लोकांच्या भाषेत बीआर. मी तेव्हा एका बँकेच्या गुंतवणूक विभागात लेखनिक होतो आणि असे कागद मी हातांनी टंकलिखित केले आहेत. एक छापील नमुना, त्यात रोख्याचे नाव, दर्शनी किंमत आणि तारीख भरायची, खाली दोन सह्या. आमचे साहेब सही करण्यापूर्वी रोख्यांची नोंदवही टेबलावर मागवत आणि त्या ओळीवर बोट ठेवून मगच पेन उघडत. दलालाचा माणूस दारात ताटकळत असे, वरून फोन येत; पण नोंदवही आल्याशिवाय सही होत नसे.

कराडची बँक आणि मेट्रोपॉलिटन सहकारी बँक यांच्या काही पावत्यांमागे रोखेच नव्हते. अशा कागदांवर दुसऱ्या बँकांनी कोट्यवधी रुपये दिले, बँकेच्या नावाचे धनादेश दलालाच्या खात्यात जमा झाले आणि तो पैसा शेअर बाजारात उतरला. एसीसीचा शेअर दोनशे रुपयांच्या आसपासून नऊ हजारांच्या घरात गेला, तो सिमेंटचा खप तेवढ्या पटीने वाढला म्हणून नव्हे. नियमात जे लिहायचे राहून गेले, त्याला फट म्हणता येईल. नसलेले रोखे आहेत असे लिहून खाली सही करणे याला मराठीत खोटे बोलणे म्हणतात. मारुती उद्योगाच्या पैशांच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने १९९९ साली मेहताला दोषी ठरवले. तेथेही प्रश्न दुसऱ्याचा पैसा आपल्या कामाला लावल्याचाच होता.

मालिकेला मात्र मी दोष देणार नाही, निदान पूर्ण नाही. दिग्दर्शक हंसल मेहता यांच्या या दहा भागांत बीआरचा खेळ बऱ्याच सविस्तरपणे दाखवला आहे आणि नायकाचा खोटेपणाही लपवलेला नाही. पण नायक झालेल्या प्रतीक गांधींचे हसू आणि ते पार्श्वसंगीत इतके पकड घेते की पावती विसरली जाते आणि नायकाची आलिशान गाडी लक्षात राहते. माझी खरी तक्रार वेगळी आहे. ज्यांचे पैसे गेले त्यांच्यापाशी ही कथा पुरेशी थांबत नाही. कराडची बँक १९९२ सालीच अवसायनात निघाली, म्हणजे कायमची बंद करायला घेतली, तेव्हा तिथल्या ठेवीदारांनी काय सोसले असेल, हे सांगलीत राहून आपल्याला मी सांगायला नको. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी डोंबिवलीच्या जागेसाठी ठेवलेल्या पैशांतून अगदी शिखरावर एसीसीचे पाच शेअर घेतले होते. ती जागा पुढे त्यांनी घेतलीच नाही, आणि त्या विषयावर ते कधी बोललेही नाहीत.

‘बाहेरचा होता’ या मुद्द्याचे उत्तर त्याच मालिकेत आहे. स्टेट बँकेच्या हिशेबातल्या सुमारे ५०० कोटींच्या तफावतीची बातमी २३ एप्रिल १९९२ रोजी देणाऱ्या पत्रकार सुचेता दलाल याही महत्त्वाकांक्षी होत्या, आणि पुरुषांनी भरलेल्या त्या वर्तुळात त्याही बाहेरच्याच होत्या. त्यांना मोठे व्हायचे होते ते स्वतःच्या मेहनतीवर. त्यासाठी कोणाच्या ठेवीला हात लावावा लागला नाही. मुलाला मालिका तिसऱ्यांदा पाहू द्या, पण वही घेऊन. प्रत्येक व्यवहारापुढे त्याने दोनच गोष्टी लिहाव्यात : पैसा कोणाचा होता, आणि त्या मालकाला हे ठाऊक होते का.

प्रश्न : मी एका दलाली कंपनीत ग्राहक सांभाळते. महिन्याचे उद्दिष्ट गाठण्यासाठी निवृत्त माणसांनाही ऑप्शन्सकडे, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या जोखमीच्या सौद्यांकडे, वळवावे लागते. यात बेकायदा काही नाही, असे वरिष्ठ सांगतात. तरी रात्री झोप लागत नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्याला झोप लागत नाही, हे मी आपल्या बाजूचे लक्षण मानतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्याच अभ्यासानुसार २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ तोट्यात गेले. हा आकडा पुढच्या ग्राहकाला फोनवर आधी सांगा आणि मग त्याला ठरवू द्या. तो सांगायला कंपनी मनाई करत असेल, तर ती मनाई लेखी मागा. ग्राहकाच्या स्पष्ट आदेशाशिवाय एकही सौदा टाकू नका. त्या आदेशाचा पुरावा ठेवणे सेबीने दलालांवर बंधनकारक केले आहे. आणि दुसरी नोकरी आजपासूनच शोधायला लागा, कारण उद्दिष्ट पुढच्या महिन्यात कमी होणार नाही.