लेन्स आत्ता नको, पण तिचा डोंगर बंद करू नका

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं सविस्तर पत्र मिळालं. असाच प्रश्न पडलेल्या इतर पालकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. तुमची मुलगी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरावी सायन्सला आहे. दहावीला ९१ टक्के मिळाले होते. मामाने त्याचा जुना कॅमेरा दिल्यापासून ती वेळ मिळेल तेव्हा गावामागच्या डोंगरावर असते आणि झुडपांची फुलं, पक्षी, पावसाळ्यातले सडे (कातळाची पठारं) यांचे फोटो काढते. सहामाहीत फिजिक्सचे मार्क घसरले. आता ती म्हणते, वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा देणार नाही, वाइल्डलाइफ फोटोग्राफर होणार, आणि त्यासाठी सव्वा लाखाची लेन्स हवी. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: यावर पोट भरतं का, आणि तिचं मन यातून कसं काढायचं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. काढू नका.

तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलं आहे की ती त्याच एका धायटीच्या झुडपापाशी तासन्‌तास बसते, वहीत काहीबाही लिहिते, आणि एकदा जेवताना सगळ्यांना सांगत होती की गळ्यावर काळी रेघ असलेला पिवळसर पक्षी आणि चमकदार काळा पक्षी हे वेगळे नाहीत, तो एकच नर आहे. ताई, तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे. जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर विणीचा हंगाम नसताना जवळजवळ मादीसारखा पिवळसर दिसतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा राहतो. हंगाम जवळ आला की तो हळूहळू जांभळट काळा होतो. धायटी साधारण त्याच सुमारास, थंडी संपता संपता, लाल नळीसारख्या फुलांनी भरते. सूर्यपक्षी मधासाठी येतात आणि परागकण इकडचे तिकडे नेतात. (आसवं-अरिष्टं आंबवायला वैद्य जी धायटीची फुलं वापरतात, ती याच झुडपाची.) एकाच झुडपापाशी पुन्हा पुन्हा जाऊन, फोटो शेजारी ठेवून हा बदल स्वतःच्या डोळ्यांनी ओळखणारी सोळा वर्षांची मुलगी वेळ वाया घालवत नाही. तिला शिकायचं आहे. फक्त फिजिक्सच्या पुस्तकातून आत्ता शिकायचं नाही, आणि त्याची काळजी आपण वेगळी घेऊ.

आता पोटाचा प्रश्न. फक्त वन्यजीवांचे फोटो विकून घर चालवणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत. ज्यांची नावं मुलं इन्स्टाग्रामवर पाहतात, त्यांतल्या बहुतेकांची कमाई कार्यशाळा, जंगल सहली, जाहिरातींची कामं किंवा माहितीपट यांतून येते. अनेक जण लग्नसराईत लग्नांचं शूटिंग करतात आणि उरलेल्या दिवसांत जंगलात जातात. त्यात कमीपणा काही नाही, पण अकरावीतल्या मुलीने शिक्षण सोडून यावर सगळं लावावं असा सल्ला मी देणार नाही. हे तिलाही असंच स्पष्ट सांगा.

त्याच वेळी हेही सांगा की छंद म्हणून केलेलं काम दुय्यम ठरत नाही. संडूरच्या घोरपडे घराण्यातले एम. वाय. घोरपडे कर्नाटकचे अर्थमंत्री होते आणि वन्यजीव छायाचित्रकार म्हणूनही देशभर ओळखले जात. लोके वान थो यांचा सिंगापुरात सिनेमागृहांचा मोठा व्यवसाय होता. पक्षितज्ज्ञ सालिम अलींबरोबर भारतात हिंडून त्यांनी पक्ष्यांचे जे फोटो काढले, ते आजही मानले जातात. दोघांच्याही कॅमेऱ्यावर घरखर्चाचं ओझं नव्हतं, म्हणून एका चित्रासाठी हवा तेवढा वेळ थांबणं त्यांना परवडलं.

तिच्याशी बोलताना एक गोष्ट शोधा: तिचा जीव कॅमेऱ्यात आहे की पक्ष्यात? फोटो काढून झाल्यावर ती काय करते ते बघा. प्रकाश, रंग, चौकट यांत रमत असेल, कॉम्प्युटरवर एकाच चित्रावर बसत असेल, तर तिची वाट कलेची आहे. बारावीनंतर उपयोजित कलेची पदवी घेता येते. मुंबईची सर ज. जी. संस्था त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि पुढे एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर केंद्रात फोटोग्राफी डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण आहे. पण फोटो काढल्यावर ती पक्ष्याचं नाव शोधत असेल, वहीत तारीख घालत असेल, तर तिला जीवशास्त्र हवं आहे. तुमच्या पत्रावरून मला हीच शक्यता जास्त वाटते.

तसं असेल तर तिला बायोलॉजी अजिबात सोडू देऊ नका. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय आहे, तिथे चार वर्षांची पदवी मिळते आणि प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करून डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेमध्ये वन्यजीव विषयात एम.एस्सी. करता येतं. दोन्हीकडे जागा मोजक्या आहेत, प्रवेश परीक्षा कठीण आहे, आणि एनसीबीएसची तुकडी दर दोन वर्षांनी निघते. वनसेवेच्या परीक्षाही पदवीनंतर खुल्या आहेत, केंद्राच्याही आणि राज्याच्याही. आणि नीटबद्दल एक गोष्ट तिला बहुधा कोणी सांगितलेली नाही. पशुवैद्यकीय पदवीचा प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतो, आणि जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर तिथूनच तयार होतात. नीट द्यायची म्हणजे एमबीबीएसच करायचं, असं नाही. हे कळल्यावर कदाचित तिचा विरोध थोडा मावळेल.

लेन्स आत्ता घेऊ नका. पैसे असले तरी नको. फुललेल्या झुडपापाशी पक्षी स्वतःहून येतो, तिथे फार लांब पल्ल्याची लेन्स लागत नाही. सकाळचं ऊन पाठीशी घेऊन, खाली बसून, न हलता थांबायचं. काही वेळाने पक्षी तुम्हाला विसरतात. शटर एक हजारांश सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवलं तर तिच्याकडच्या ३०० मिलिमीटरच्या लेन्सवरही सूर्यपक्षी स्वच्छ येईल. काही घ्यायचंच असेल तर ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) चांगली दुर्बीण घ्या. आणि फुलाचा एक देखणा फोटो वनस्पती ओळखायला पुरत नाही, हे तिला सांगा. पूर्ण झुडूप, फांदीवरची पानांची मांडणी, फूल समोरून आणि बाजूने, पुढे फळ, असे सगळे फोटो हवेत. तुमच्या भागात कारवीची झुडपं असतील तर तारीख आणि जागा लिहून ठेवायला विसरू नको म्हणावं. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. कोणत्या डोंगरावर कोणत्या वर्षी फुलली, याची नोंद पुढे अभ्यासकांच्या कामाला येते.

वहीतल्या पक्षीनोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकायला शिकवा. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा ते चालवते आणि ते मोफत आहे. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर २०२३ मध्ये जो अहवाल आला, त्यात ९४२ जातींचा आढावा होता, आणि तो अशाच हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. फेब्रुवारीत चार दिवसांची पक्षीगणना असते, तिथून सुरुवात सोपी जाईल. पुढे प्रवेशाच्या मुलाखतीत असा काही वर्षांचा नोंदींचा साठा हातात असणं, चमकदार अल्बमपेक्षा मला मोलाचं वाटतं.

एका बाबतीत मात्र कडक राहा. घरट्याचे फोटो नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि त्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं. घरट्यासमोरची फांदी फोटोसाठी बाजूला केली की ऊन आणि कावळा दोन्ही आत शिरतात. आपण घरी परततो, पिल्लं उरत नाहीत. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावणं हेही मला मान्य नाही. विणीच्या काळात तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा नर आला समजून खाणंपिणं सोडून झगडत राहतो. कासच्या पठारावर गेली तर वाटेवरूनच फोटो काढावेत, फुलांत पाय ठेवू नये. या गोष्टी ती आत्ता शिकली तर कायमच्या अंगवळणी पडतील.

तुम्ही पत्राच्या शेवटी, जरा संकोचाने, ती डोंगरावर एकटी जाते याची काळजी लिहिली आहे. ही काळजी रास्त आहे. त्यासाठी बंदी नको, सोबत हवी. वर्गातली एखादी मैत्रीण, नाहीतर रविवारी तिचे बाबा. त्यांचं दुकान सकाळी थोडं उशिरा उघडलं तरी चालेल. निघताना जागा आणि परतण्याची वेळ घरी सांगून जायचं, एवढा नियम पुरे.

फिजिक्ससाठी आठवड्यातले कोणते दिवस अभ्यासाचे आणि कोणत्या सकाळी डोंगराच्या, हे तिच्यासोबत बसून ठरवा, कागदावर लिहा आणि वार्षिक परीक्षेपर्यंत दोन्ही बाजूंनी पाळा. मे महिन्यात जमलं तर तिला दापोलीला घेऊन जा, महाविद्यालय दाखवा, तिथे शिकणाऱ्या दोन-तीन मुलींशी तिला मोकळेपणाने बोलू द्या. तुम्ही दोघं तेव्हा थोडं लांब थांबा. बारावीनंतर कोणते फॉर्म भरायचे, त्याचा निर्णय त्यानंतर घ्या, आणि तो घेताना तिला समोर बसवा.