ट्रेकच्या व्हिडिओंसाठी कॉपीराइटच्या कटकटीशिवाय पार्श्वसंगीत कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की गडावरच्या व्हिडिओत एका चित्रपटगीताचे दहाच सेकंद घेतले, खाली गायक-संगीतकाराची नावं दिली, चॅनेलवरून एक रुपयाही कमवत नाही, तरी यूट्यूबवर क्लेम आला. मीही सुट्टीच्या दिवशी भटकंतीचे व्हिडिओ करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दहा सेकंदांची, तीस सेकंदांची सूट १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात कुठेही नाही. नाव देणं चांगलंच, पण त्याने परवानगी मिळत नाही. तुम्हाला आलेला क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे, त्यामुळे घाबरू नका. कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आपोआप आवाज जुळवून पाहते. व्हिडिओ बहुधा तसाच राहतो, त्यावरच्या जाहिरातींचे पैसे मालकाकडे जातात. स्ट्राइक ही वेगळी गोष्ट, मालकाच्या कायदेशीर तक्रारीवरून व्हिडिओ काढला गेला की मिळते: ९० दिवसांत तीन झाल्या तर चॅनेल बंद होऊ शकतं.

सुरुवात यूट्यूब स्टुडिओतल्या ऑडिओ लायब्ररीपासून करा. तिथे संगीतप्रकार, लांबी, मूड यांनुसार गाळून शोधता येतं आणि सगळं फुकट आहे. ज्या ट्रॅकपुढे क्रिएटिव्ह कॉमन्सची (काही अटींवर मोफत वापर करू देणाऱ्या परवान्यांची) खूण दिसेल, त्याचा तयार मजकूर कॉपी करून व्हिडिओच्या वर्णनात टाकायचा. मात्र ही लायब्ररी स्टुडिओच्या आतच असते. ‘नो कॉपीराइट म्युझिक’ अशा नावाच्या चॅनेलवरून उतरवलेलं काहीही त्यात धरू नका. तिथे ते ज्याने टाकलंय तो मालक आहे की नाही, हेच कळत नाही.

त्यापुढे केविन मॅक्लाउड या अमेरिकी संगीतकाराची इन्कॉम्पटेक ही साइट आणि फ्री म्युझिक आर्काइव्ह हा अनेकांच्या संगीताचा ऑनलाइन संग्रह. मॅक्लाउड यांचं संगीत क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘बीवाय’ परवान्यावर मिळतं, म्हणजे सांगितल्याप्रमाणे श्रेय दिलं की झालं. फ्री म्युझिक आर्काइव्हवर मात्र प्रत्येक ट्रॅकचा परवाना वेगळा, आणि तो वाचावाच लागतो. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याच्या नावात ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर नाही. उद्या चॅनेलवर जाहिराती सुरू केल्यात तर पंचाईत. ‘एनडी’ असेल तर तो ट्रॅक सोडूनच द्या, कारण हलत्या चित्रांशी संगीत जुळवणं हेच त्या परवान्यांच्या दृष्टीने रूपांतर ठरतं, आणि ‘एनडी’त रूपांतर वाटायला मनाई आहे. हे फार कमी लोक पाहतात. ‘एसए’ असेल तर आपला व्हिडिओही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो.

ट्रॅक उतरवला की परवान्याच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. मोकळं संगीत उचलून कुणी त्यावर आपलं गाणं चढवतो, कंटेंट आयडीत नोंदवतो आणि मग तुमच्यावर क्लेम येतो, असं घडतं. तेव्हा डिस्प्युट करताना, म्हणजे क्लेमला हरकत घेताना, तो स्क्रीनशॉट जोडीला असावा. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात.

गडाचा व्हिडिओ म्हटल्यावर ‘अभंग, ओव्या, जुने पोवाडे तर सगळ्यांचेच’ असं तुमच्या मनात येईल. शब्दांपुरतं ते खरं. तुकारामांचे शब्द सर्वांचे आहेत, पण श्रीनिवास खळे यांनी त्यांतल्या काही अभंगांना दिलेल्या चाली तशा नाहीत. संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालीवर हक्क राहतो. खळे २०११ साली गेले, म्हणजे २०७१ संपेपर्यंत. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा, तो प्रकाशनानंतर ६० वर्षांचा. म्हणून १९५०ची रेकॉर्ड मोकळी झाली तरी तिच्यातली चाल आणि गीत मोकळं झालं असेलच असं नाही. शिवाय हे भारतापुरतं झालं, तुमचा व्हिडिओ अमेरिकेतही दिसतो आणि तिथल्या मुदती निराळ्या.

म्हणूनच माझं मनापासून सांगणं आहे: ओळखीतल्या, गावातल्या वादकाकडे जा. बासरी, संबळ, तुणतुणं, जे असेल ते. त्याला स्वतःचं किंवा खरोखर परंपरागत काही वाजवायला सांगा, मोबाइलवर मुद्रित करा आणि मानधन द्या, थोडं का होईना. सह्याद्रीच्या चित्रांवर परदेशी पियानोपेक्षा ते कितीतरी शोभतं. आपल्याकडे इतके वाजवणारे असताना सगळ्यांच्या व्हिडिओत तेच चार ट्रॅक ऐकू यावेत, याचं मला वाईट वाटतं.

फक्त परवानगी कागदावर घ्या. कायद्याला ती लेखीच लागते, आणि मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असं धरलं जातं. म्हणून वादकाचं नाव, कोणता तुकडा, किती मानधन, ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’, ‘जाहिराती असलेल्या व्हिडिओंसह’ एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या. चाल दुसऱ्या कुणाची असेल तर त्या माणसाचीही सही हवी. एक प्रत वादकाकडे राहू द्या.