पुण्यातल्या बुद्धिबळाच्या क्लब स्पर्धेत पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, पण समोरचा बरोबरीला 'नाही' म्हणाला. डाव बरोबरीत सुटतो का?

सुटतो, पण आपोआप नाही. बरोबरी पंचांकडे मागावी लागते आणि त्याला समोरच्याची संमती लागत नाही. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांतलं कलम ९.२ हेच सांगतं. इथे बरेच जण एक घोळ घालतात: आधी हत्ती हलवतात, घड्याळ दाबतात आणि मग हात वर करतात. तोवर त्या चालीपुरता हक्क गेलेला असतो. चाल करायच्या इराद्याने मोहऱ्याला नुसता हात लावला तरी जातो!

क्रम असा:
- तुमच्या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल, तर ती चाल फक्त स्कोअरशीटवर (चाली नोंदवायच्या कागदावर) लिहा, पटावर करू नका आणि पंचांना सांगा.
- समोरच्याच्या चालीने आली असेल, तर काहीही न हलवता घड्याळ थांबवून पंचांना बोलवा.

तीन वेळा लागोपाठ यायला हवी असं नाही. मात्र मोहरी त्याच घरांत असणं पुरेसं नाही. चाल त्याच खेळाडूची हवी आणि किल्लेकोटाचे (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचे) हक्कही तेच हवेत. दावा चुकला तर समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात. तीच स्थिती पाचव्यांदा आली, तर पंच स्वतःच डाव बरोबरीत सोडवतात.