यूट्यूबवरच्या कार्टूनची आता मालिका झाली आहे, मुलाला दाखवू का?

गोव्यातल्या फोंड्याहून आई-वडील आणि आजी असे तिघेही मुलाला घेऊन आले होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, प्रश्न मात्र तोच आहे आणि तो माझ्याकडे सतत येतो. मुलगा चार वर्षांचा. वडील वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर, आई बँकेत, दिवसभर मूल आजीकडे. मोबाइलवर ‘कोकोमेलन’ हे यूट्यूबवरचं बालगीतांचं कार्टून लावल्याशिवाय घास गिळत नाही आणि मोबाइल काढून घेतला की जमिनीवर लोळण घेतो, ही तक्रार. चवथीला पेडण्याच्या मूळ घरी सगळी भावंडं घुमट वाजवून होणाऱ्या आरतीला, गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली जमली, हा आतल्या खोलीत मोबाइलसमोर. “ह्याला कुणाला तरी दाखवून घ्या,” असं काकी बोलली, ते आईच्या जिव्हारी लागलं होतं.

वडिलांनी वाट शोधून ठेवली होती. “मॅडम, नेटफ्लिक्सवर त्याचीच मालिका आहे. यूट्यूब बंद करून ती लावली तर चालेल ना? मालिका म्हणजे विचार करून केलेली असणार.” आईला दोन्ही नको होतं. पण तिला खरं विचारायचं होतं ते वेगळंच. वडील मुलाला घेऊन व्हरांड्यात गेले तेव्हा तिने हळूच विचारलं, “ऑटिझम तर नाही ना?”

मी आधी मुलाशी खेळत बसले होते, तेव्हा हेच पाहत होते. नावाने हाक मारल्यावर तो वळला. खिडकीबाहेरचं मांजर बोटाने दाखवून माझ्याकडे पाहिलं. खेळण्यातल्या कपात मला खोटा चहा ओतून दिला, वर “गरम आसा” म्हणाला. आजीशी मराठी, शेजाऱ्यांशी कोंकणी, कार्टूनमधलं इंग्रजी, तिन्ही त्याच्या बोलण्यात मिसळलेल्या होत्या, त्यात काळजीचं काही नाही. एका भेटीत निदान होत नसतं, पण घाबरावं असं मला काही दिसलं नाही, हे मी आईला स्पष्ट सांगितलं. ज्यांच्या मुलांमध्ये हाकेला वळणं, बोट दाखवणं, खोटंखोटं खेळणं दिसत नाही, त्यांनी मात्र मोबाइलला दोष देत थांबू नये. बालरोगतज्ज्ञांकडे जावं, गरज वाटल्यास बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, दाखवावं. मुलाला नीट ऐकू येतं ना हे पाहायला आधी कान तपासून घ्यावेत.

मग वडिलांचा प्रश्न घेतला. तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मूळ चॅनेल २००६ पासूनचं, बालगीतांचं. तिथे कितीतरी व्हिडिओ अर्ध्या-एक तासाचे आहेत, एका गाण्याला लागून दुसरं. ‘कोकोमेलन लेन’ ही मालिका नोव्हेंबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. पात्रं तीच, पण इथे ती बोलतात, लहान मुलांना मोठे वाटणारे प्रसंग त्यांच्यावर येतात, एखादी अडचण उभी राहते आणि सुटते. प्रत्येक भागाला शेवट आहे. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं हेच. चार वर्षांच्या मुलाला ‘पुरे’ कळत नाही, ‘संपलं’ कळतं. गाण्यांची माळ संपतच नसेल तर ती आईला तोडावी लागते, आणि मूल आईवर चिडतं. गोष्ट संपते तेव्हा बंद करण्याला कारण मिळतं.

म्हणून मालिका दाखवायला माझी हरकत नव्हती. पण नेटफ्लिक्सही पुढचा भाग आपोआप सुरू करतं. ते प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं, वडिलांनी तिथेच बसून केलं. मोबाइलवर नाही, हॉलमधल्या टीव्हीवर, ठरलेल्या वेळी, घरातलं कुणीतरी शेजारी बसून. “आता तो काय करणार रे?” असं मध्ये विचारायचं. मालिकेची सवय झाली म्हणून वेळ वाढवायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला, तोही कमी झाला तर उत्तम. वेगवान चित्रांबद्दलही सांगितलं. व्हर्जिनिया विद्यापीठातला २०११ चा एक प्रयोग आहे. फक्त नऊ मिनिटं वेगवान कार्टून पाहिलेल्या चार वर्षांच्या मुलांना लगेच नंतर लक्ष लावणं आणि धीर धरणं जड गेलं. चित्रं काढत बसलेल्या मुलांचं तसं झालं नाही. हा परिणाम पाहिल्यानंतर लगेचचा, कायमचं नुकसान त्यातून सिद्ध होत नाही. पण जेवणाआधी किंवा झोपायच्या वेळी असं काही लावू नये एवढं त्यावरून नक्की ठरवता येतं.

खरा पेच जेवणाचा होता, आणि तो आजीचा होता. “मोबाइल काढला तर पोर उपाशी राहील,” म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. त्यांना कुणी दोष देऊ नये असं मला मनापासून वाटतं. साठी उलटलेल्या बाईने दिवसभर चार वर्षांच्या मुलामागे धावायचं आणि ताटलीही रिकामी करून दाखवायची, हे घराने त्यांच्यावर टाकलेलं ओझं होतं. मी आधी बालरोगतज्ज्ञांकडून वजन-उंची पाहून घ्यायला सांगितलं. ती ठीक निघाल्यावर आजींना धीर आला. मग हुमण (माशाची आमटी) आणि भात त्याच्याच हाताने, सगळ्यांच्या पंक्तीला बसून, सांडला तर सांडू दे. अर्धा भात ताटात राहिला तर कुणी आजींना विचारायचं नाही, हे मी मुलाच्या आई-वडिलांकडून कबूल करून घेतलं.

पहिले काही दिवस रडारड वाढली. अशा वेळी ती वाढतेच, आणि नेमकं तेव्हाच पुष्कळ घरं मोबाइल परत देतात. ह्यांनी दिला नाही. पुढच्या भेटीत कळलं की दुपारचं जेवण बरंच सुरळीत झालं आहे, रात्रीचं अजून नाही. वडिलांची रात्रपाळी असली की आई एकटी पडते आणि हात मोबाइलकडे जातो. त्या आठवड्यांत रात्रीचं जेवण अर्धा तास आधी उरकायचं असं आम्ही ठरवलं आहे.

निघताना आईने विचारलं, पेडण्याला जाताना गाडीत काय करायचं? दोन भाग आधीच डाउनलोड करून ठेवा आणि नेट बंद करा, असं सांगितलं. दुसरा संपला की फोन पर्समध्ये, आणि उरलेल्या वाटेत तो कंटाळला तर कंटाळू दे.