बुद्ध्यांकाचा आकडा आणि बिने यांचा हेतू

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा असून यंदाच तो मराठी माध्यमातून इंग्रजी माध्यमात गेला. शाळेने करवून घेतलेल्या चाचणीत त्याचा बुद्ध्यांक ८४ आला आणि ‘याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका’ असे आम्हांला सांगण्यात आले. बुद्ध्यांक कोणी शोधून काढला आणि तो कधीच बदलत नाही, हे खरे आहे का?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, तुम्हांला ऐकवले गेलेले ते वाक्य या चाचणीच्या जनकाला मुळीच मान्य झाले नसते. ते जनक म्हणजे आल्फ्रेड बिने. पॅरिसमधील सोर्बोन विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेचे ते संचालक होते. प्रारंभी त्यांनीही त्या काळच्या रीतीप्रमाणे शाळकरी मुलांची डोकी मोजून पाहिली. पण हुशार आणि मागे पडणाऱ्या मुलांच्या मापांत जेमतेम काही मिलिमीटरचा फरक निघाला, तेव्हा त्यांनी ती वाट सोडली. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचे झाल्यानंतर वर्गाबरोबर चालू न शकणाऱ्या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला होता. त्यासाठी १९०४ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीवर बिने होते आणि त्या कामातूनच त्यांनी तेओदोर सिमों यांच्या साहाय्याने १९०५ मध्ये तीस कृतींची श्रेणी तयार केली.

या कृती अगदी साध्या होत्या. पेटती काडी हलवली की मूल नजरेने तिचा माग घेते का, चॉकलेटची वडी आणि तेवढाच लाकडाचा तुकडा समोर ठेवला तर त्यातले खायचे कोणते हे त्याला कळते का, माशी आणि फुलपाखरू यांतला फरक त्याला सांगता येतो का, अशी पायरीपायरीने अवघड होत जाणारी ती मांडणी होती. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत ‘मानसिक वया’ची, म्हणजे मूल कोणत्या वयाच्या सर्वसाधारण मुलाइतक्या कृती करू शकते याची, कल्पना आली. मात्र लांबी मोजावी तशी बुद्धी या श्रेणीने मोजली जात नाही, हे बिने यांनी स्वतःच बजावले होते. बुद्धी वाढूच शकत नाही, या मताला तर त्यांनी १९०९ मध्ये कडाडून विरोध केला. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी मानसिक व्यायाम सुचवले होते. पुतळ्यासारखे निश्चल उभे राहण्याचा खेळ त्यांपैकीच एक. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले.

बुद्ध्यांकाचा आकडा त्यानंतरचा आहे. चार वर्षांचे मूल दोन वर्षांनी मागे असणे आणि बारा वर्षांचे मूल तितकेच मागे असणे यांत फार अंतर आहे, म्हणून जर्मनीचे मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची पद्धत सुचवली. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुइस टर्मन यांनी बिने श्रेणीच्या १९१६ च्या आपल्या आवृत्तीत त्या भागाकाराला शंभराने गुणले; तोच बुद्ध्यांक. अमेरिकेतलेच मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडार्ड यांच्यासारख्या मंडळींनी मात्र त्याच चाचणीला जन्मजात, अपरिवर्तनीय बुद्धीचे माप ठरवले आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी हानी तिथेच झाली.

आजच्या बहुतेक चाचण्यांत भागाकार उरलेला नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ मध्ये रूढ केल्याप्रमाणे समवयस्कांची सरासरी १०० धरून मुलाचे स्थान ठरवले जाते आणि सुमारे दोनतृतीयांश लोक ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात. प्रत्येक मापनात काही गुणांची चूक गृहीतच असते, त्यामुळे ८४ आणि ८५ यांच्यामध्ये भिंत उभी करण्यात अर्थ नाही.

तुमच्या पत्रातली कळीची गोष्ट मला भाषेची वाटते. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने श्रेणी कन्नड आणि मराठी भाषक मुलांसाठी मुद्दाम नव्याने प्रमाणित केली, कारण परक्या भाषेतला प्रश्न मुलाला कळला नाही तर चूक बुद्धीच्या खात्यावर मांडली जाते. तेव्हा चाचणी कोणती होती, ती कोणत्या भाषेत घेतली आणि तिच्या निरनिराळ्या भागांत मुलाला किती गुण पडले, याचा लेखी अहवाल मागून घ्या. चाचणी इंग्रजीत झाली असेल, तर मराठी बोलणाऱ्या प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून ती पुन्हा करून घ्या आणि मुलाला नेमकी कुठे मदत हवी आहे, हे त्यांना विचारा.