आजोबांचं एचएमटी घड्याळ वापरायला काढताय ना, मग आधी हे वाचा

नुसतं कपाटात ठेवू नका, हातात घालाच, पण त्याआधी चावीच्या घड्याळांचं काम येणाऱ्या जुन्या कारागिराकडून सर्व्हिसिंग करून घ्या, कारण आतलं तेल सुकलेलं असतं आणि तसंच चालवलं की पार्ट झिजतात. रोज सकाळी मनगटावरून काढून चावी द्यायची, घट्ट लागली की थांबायचं. पाण्यापासून जपा.

आणि डायल नवी करून देतो म्हणाला तर साफ नाही म्हणा! ती पिवळट डायल, काचेवरचे ओरखडे, आजोबांनी रोज बघितलेलं हेच तर आहे, नवा रंग मारला की ते कायमचं गेलं. काच फुटलीच असेल तर बदला, जुनी मात्र मागून घ्या. एचएमटी वॉचेस कंपनी बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झालाय, ओरिजिनल पार्ट आता बहुतेक जुन्या घड्याळांतूनच काढून मिळतात, त्यामुळे निघालेला प्रत्येक तुकडा डबीत घालून ठेवा.